दोन दांड्यांचं यंत्र

यंदाही रस्त्याकडेचा हॉथॉर्न फुलून पांढरा झाला आणि माझ्या नाकाला बिअरचा वास यायला लागला. खरा वास हॉथॉर्नचाच, थोडा गोड आणि थोडा कुबट. पण नाकाने आणि आठवणीने आपापसात काय ठरवलेलं असतं ते आपल्याला कुणी विचारत नाही. इथे आयर्लंडमध्ये, शॅननला, मे महिन्याची संध्याकाळ संपता संपत नाही. जेवणं होतात, ओटा पुसून होतो, उद्याचा डबा काय हा प्रश्नही निकालात निघतो, तरी मागच्या अंगणात ऊन रेंगाळत असतं. मग मी शेडमधून रिकाम्या बाटल्यांचे क्रेट बाहेर काढतो आणि टबात गरम पाणी ओततो. थोड्या वेळाने लेबलं आपसूक सुटून वर तरंगायला लागतात. वैदेही, माझी बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते आणि म्हणते, "सुरू झाला वाटतं सीझन." तिच्या आवाजात कौतुक किती आणि वैताग किती, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला नीट सांगता येत नाही.

घरी बिअर करणाऱ्या माणसाला लोक माल्टबद्दल विचारतात, यीस्टबद्दल विचारतात, चढते का म्हणून डोळा मारून विचारतात. झाकणाबद्दल कुणी विचारत नाही. बरोबरच आहे, झाकण ही काय विचारायची गोष्ट आहे? पण पंधरा दिवस बादलीत निगुतीने आंबवलेली बिअर बाटलीत गेली की तिचं पुढचं सगळं त्या एवढ्याशा पत्र्याच्या चकतीवर अवलंबून असतं. बाटलीत अर्धा चमचा साखर घालायची, वर दोन बोटं जागा सोडायची आणि झाकण दाबून बसवायचं. मग आतल्या आत साखर खाऊन यीस्ट गॅस करतं आणि तो बाहेर पडू पाहतो. झाकण घट्ट असेल तर बिअर फसफसते. तिरकं बसलं असेल तर दोन आठवड्यांनी हातात येतं ते नुसतं कडू पाणी. तेव्हा माणसाचं तोंड जे वाकडं होतं ते मी आरशात पाहिलेलं आहे.

झाकण लावायची यंत्रं दोन प्रकारची. एक हातातलं. मधे लोखंडी टोपी, दोन बाजूंना दोन लांब दांड्या. टोपीत चुंबक असतो, त्याला झाकण चिकटवायचं, यंत्र बाटलीच्या तोंडावर ठेवायचं आणि पंख मिटावेत तशा दोन्ही दांड्या एकदम खाली दाबायच्या. दुसरं टेबलावरचं. त्याला पाया असतो, उभा खांब असतो आणि एकच लांब दांडी. बाटली पायावर उभी करायची, दांडी ओढायची, काम झालं. आमच्या घरात दोन्ही आहेत. एका माणसाच्या छंदाला दोन यंत्रं कशाला, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. आज बदलत नाही.

गोष्ट गेल्या वर्षीच्या, म्हणजे दोन हजार वीसच्या उन्हाळ्याची. तो इथला फार देखणा उन्हाळा होता. एरवी चार दिवस ऊन पडलं तर बातम्यांत सांगतात अशा या देशात आठवडेच्या आठवडे आभाळ निळंभोर. आणि त्या आभाळात एकही विमान नाही. शॅनन हे विमानतळाच्या कुशीत वाढलेलं गाव. इथल्या माणसांना विमानाचा आवाज ऐकू येत नाही, तो थांबला की ऐकू येतो. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम होता. नदीकाठच्या वाटेवर लोक एकमेकांना बघून लांबूनच हात करायचे आणि बाजू देऊन जायचे. माझा कारखाना चालू होता. आम्ही हृदयात घालायच्या नळ्या करतो, त्या कुणाला थांबवता येत नाहीत. वैदेहीचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं होतं. आणि बाबा समोरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत, डावा हात स्वेटरच्या खिशात घालून बसलेले असायचे.

बाबा फेब्रुवारीत नागपूरहून आले होते, तीन महिन्यांसाठी. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहतात. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात आणि गुरुवारी कॉलनीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. इथे आल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. कप फुटला म्हणून ते ओशाळले आणि वाकून तुकडे वेचायला लागले, तेव्हा डावा हात ऐकत नाही हे त्यांना कळलं. मेंदूतला सौम्य झटका, असं डॉक्टर म्हणाले. नशीब थोर, बोलणं शाबूत राहिलं, पायही शाबूत राहिला. दवाखान्यातून ते स्वतः चालत बाहेर आले. पण डाव्या हाताला पकड नव्हती. आणि व्यायाम शिकवायला माणूस घरी येईल असं ठरलं न ठरलं तोच सगळं बंद झालं.

मग आम्ही, म्हणजे मुख्यतः मी, मुलाचं कर्तव्य करायला घेतलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची सेवा म्हणजे त्याला काही करू न देणं. बाबा उठले की मी म्हणायचो, "तुम्ही बसा बाबा." पाण्याचा पेला हातात, चष्मा हातात, औषध हातात. त्यांच्या पायजम्याच्या नाड्या त्यांना बांधता येत नाहीत हे बघून मी इलॅस्टिकच्या पँटी मागवल्या. बुटांच्या नाड्या गेल्या, चिकटपट्टीचे बूट आले. पोळीचे तुकडे करून ताटात. एका हाताने जगता येईल असं घर मी महिन्याभरात करून दाखवलं आणि स्वतःवर खूश झालो. ऑर्ला नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा फोन करायची. एकदा ती म्हणाली, की ते ग्रँड आहेत, म्हणजे इथल्या बोलीत छान आहेत, पण तुम्ही जरा कमी मदत केली तर बरं होईल. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि बाबांना संत्रं सोलून दिलं.

बाबांचं एकच म्हणणं होतं, घरी जायचंय. भांडून नाही, रडून नाही. वर्तमानपत्र वाचावं तसं रोज एकदा म्हणायचे, "विमानं सुरू झाली का रे?" मी म्हणायचो, "नाही अजून." ते मान डोलवायचे. मी मनात म्हणायचो, झाली तरी या हाताने कुठे जाणार? तिथे गॅसचा लायटर एका हातात आणि बटण दुसऱ्या हातात. पेटीचा भाता डाव्या हातानेच मारायचा असतो. हे त्यांनाही कळत होतं, म्हणून तर हात खिशात असायचा. हात सुधारला तर ते जाणार होते आणि नाही सुधारला तर माझ्याकडे राहणार होते. हे एवढं सरळ होतं, पण घरात कुणी उच्चारत नव्हतं.

बिअरचा नाद लावला तो शेजारच्या डेक्लनने. डेक्लन विमानतळावर इंजिनं दुरुस्त करायचा, आता निवृत्त. पब बंद झाल्यावर तो आठवडाभर रस्ता चुकल्यासारखा वागला आणि मग त्याने शेडमधली जुनी बादली काढली. कुंपणाच्या बुटक्या भिंतीपलीकडून, नियमाचं अंतर राखून, त्याने मला सगळी कृती सांगितली. मी पुण्यात इंजिनियरिंग केलेला माणूस, कृती मिळाली की मला राहवत नाही. पण पंचाईत अशी, की आमच्या घरात दारू हा शब्द कधी उच्चारलाच गेला नव्हता. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो, माझे केस पिकायला लागले होते आणि बापापासून बादली लपवायला जागा शोधत होतो.

इथल्या घरांत हॉट प्रेस नावाचं एक कपाट असतं. आत गरम पाण्याची टाकी असते आणि वर फळ्यांवर टॉवेल ठेवतात, म्हणजे ते कोरडे राहतात. आयर्लंडमधल्या मराठी घरांत त्या फळ्यांवर इडलीचं पीठ असतं आणि दह्याचं भांडं असतं. या थंडीत आंबायला दुसरी जागाच नाही. बिअरही आंबवायचीच, तेव्हा तिची जागा हीच, असा सरळ हिशेब करून मी बादली हॉट प्रेसमध्ये, टॉवेलांच्या मागे ठेवली. झाकणाला पाण्याची छोटी नळी असते, तिच्यातून गॅस बुडबुडे काढत बाहेर पडतो. या आवाजाचा मी विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो तर बाबा कपाटासमोर उभे.

"नितीन, या कपाटात कोण बोलून राह्यलं?"

"इडलीचं पीठ आहे, बाबा."

"इडलीचं पीठ इतकं बोलत नाही."

मी दार उघडलं. बाबांनी बादलीकडे पाहिलं, वास घेतला. "दारू आहे का?"

"बिअर आहे."

"म्हणजे दारूच." बादलीवर वाकून त्यांनी विचारलं, "घरी केली का?"

"हो."

"मंग ठीक आहे," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. घरी केलेल्या वस्तूवर आपल्या लोकांचा विश्वास किती गाढ असतो हे मला त्या दिवशी कळलं.

ती पहिली बिअर अर्थात फसली. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा तिचा वास होता. डेक्लनने भिंतीवर ठेवलेल्या पेल्यातून घोटभर घेतली, डोळे मिटले आणि फार हळुवारपणे विचारलं, कुठे ठेवली होतीस? मी सांगितलं. तो हसायला लागला तो थांबेचना. बिअरला ऊब लागते, पण इडलीएवढी नाही. पुढची बादली जिन्याखाली गेली. बाबांना याचं फार वाईट वाटलं, जसं काही घरातल्या कुणाला खोलीबाहेर झोपवलं होतं. ते येता-जाता जिन्याखाली डोकावून यायचे. "आज कमी बोलते," असं मला सांगायचे.

बाटल्या भरायचा दिवस आला तेव्हा डेक्लनने आपलं लाल रंगाचं दोन दांड्यांचं यंत्र जंतुनाशकाने पुसून भिंतीवर ठेवलं आणि चार पावलं मागे सरकला. आम्ही मागच्या अंगणात टेबल मांडलं. वैदेही नळीने बाटल्या भरत होती. बाबांकडे झाकणांचं काम, वाडग्यातल्या पाण्यातून उजव्या हाताने एकेक झाकण काढून मला द्यायचं. मी यंत्र ठेवलं आणि जोर लावला. दोन्ही दांड्या सारख्या दाबायला लागतात. एक हात पुढे गेला की झाकण तिरकं बसतं. फारच पुढे गेला तर बाटलीची मान जाते. माझ्या दोन बाटल्यांची मान गेली. टेबलावर बिअर सांडली आणि तिच्यावर लगेच गांधीलमाश्या आल्या.

"दोन्ही हात सारखे पाह्यजेत का याले?" बाबांनी विचारलं.

"हो ना. सारखा जोर लागतो."

नंतर प्रत्येक झाकणाला ते माझे हात बघत होते. दोन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली तेव्हा फस्स असा आवाज झाला आणि आम्ही तिघंही, पिणारे आणि न पिणारे, सारखेच हरखलो. बाबांनी तळहातावर तीर्थ घ्यावं तशी थोडी घेतली. म्हणाले, "कडू आहे. औषधी असन."

त्याच आठवड्यात मी टेबलावरचं यंत्र शोधायला लागलो. मी कारखान्यात क्वालिटीचं काम करतो, तेव्हा शोध कसा घेतला ते विचारू नका. खांबाची उंची बदलता येते का, स्प्रिंग टिकते का, टोपी कोणकोणत्या बाटल्यांना चालते, पाया जड आहे का की धरून ठेवावा लागतो. लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी इतके वाचले की वैदेही म्हणाली, "घर घेताना एवढं वाचलं नव्हतंस." तिला मी सांगितलं की दोन दांड्यांच्या यंत्राने बाटल्या फुटतात. डेक्लनलाही तेच सांगितलं. खोटं नव्हतं ते, पण खरं कारण वेगळं होतं. टेबलावरच्या यंत्राला एकच हात पुरतो.

पोस्टमन खोकं दारात ठेवून, बेल वाजवून निघून गेला. हिरवं, जाडजूड, चांगलं वजनदार यंत्र होतं. मी ते फळीवर स्क्रूने घट्ट बसवलं, म्हणजे बाटलीसुद्धा धरायला नको. पुढच्या खेपेला खुर्ची ओढली आणि म्हणालो, "बाबा, आज झाकणं तुम्ही लावा." बाबांनी उजव्या हाताने झाकण ठेवलं, उजव्या हाताने दांडी ओढली. टक. झाकण सरळ, घट्ट, मधोमध छोटासा खळगा. बघता बघता सगळ्या बाटल्या झाल्या. मी फोटो काढून नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवले. आत्याने हात जोडलेली चित्रं पाठवली.

"कसं वाटलं यंत्र?" मी विचारलं.

"चांगलं आहे. सोपं आहे," बाबा म्हणाले. डावा हात खिशातच होता. सोपं हा शब्द त्यांनी कसा उच्चारला, याच्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मी फार खुशीत होतो.

जुलै लागेपर्यंत दोन किलोमीटरचे पाच झाले, मग सगळा देश मोकळा झाला. वाटेवर फॉक्सग्लोव्ह फुलून गेले, गवत कापल्याचा वास सगळ्या वसाहतीत भरून राहिला. अधूनमधून एखादं विमान उतरायचं आणि बाबा खिडकीशी जायचे. मी एकामागून एक बादल्या लावत होतो, फिकी, तांबूस, एकदा हौसेने वेलदोडा घातलेली, जी कुणीच पुन्हा मागितली नाही. आणि झाकणं संपायला लागली. मी भरपूर मागवली होती, बाटल्या तेवढ्या भरलेल्या नव्हत्या. वैदेहीला विचारलं तर ती म्हणाली, "असतील कुठे तरी." क्वालिटीच्या माणसाला हे उत्तर चालत नाही. पण सुट्टीत माणूस क्वालिटीचा नसतो, म्हणून मी सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी पाऊस होता. सायकलचा पंप शोधायला मी शेडमध्ये गेलो. मागे, गवत कापायच्या यंत्राच्या आडोशाला, पोत्याखाली एक क्रेट होता. पोतं उचललं तर आत बाटल्या, सगळ्या झाकणं लावलेल्या. मी एक उचलली आणि ती हातात अगदीच हलकी आली. रिकामी होती. सगळ्या रिकाम्या होत्या. रिकाम्या बाटल्यांना कुणी तरी झाकणं लावून ठेवली होती. क्रेटमधली पहिली रांग बघवत नव्हती, झाकणं चेपलेली, एका बाजूला लोंबणारी, एक तर उलटंच दाबलेलं. पुढच्या रांगेत ती तिरकी होती पण धरून होती. शेवटच्या रांगेतली काही जवळपास सरळ होती. आणि कुठल्याच झाकणावर तो मधला खळगा नव्हता, जो हिरव्या यंत्राने पडतो. शेजारी फडक्यात गुंडाळून डेक्लनचं लाल यंत्र ठेवलेलं होतं.

मी पोतं परत टाकलं आणि पंप न घेताच घरात आलो. वैदेही कणीक मळत होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दुपारी टकटक ऐकू येते ना शेडमधून. डेक्लनकडून बाबांनीच मागून घेतलं ते. भिंतीवरून, खाणाखुणा करून. तो म्हणाला, राहू दे तुमच्याकडेच."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू शेडमध्ये खुर्ची नेऊन ठेवली असतीस," ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

मला आधी राग आला, मग लाज वाटली. माझे बाबा भरदुपारी, अनोळखी देशातल्या एका शेडमध्ये, रिकाम्या बाटल्यांना झाकणं लावत उभे होते. त्यांना एका हाताचं यंत्र नको होतं. त्यांना दुसरा हात हवा होता. त्या रात्री मी झाकणांचं एक मोठं पाकीट मागवलं आणि आल्यावर ते शेडमध्ये, सहज दिसेल असं ठेवलं. कुणाला कमी मदत करायची म्हणजे काय करायचं, हे मला त्या पाकिटापासून थोडं थोडं जमायला लागलं.

यंदा एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नागपूरच्या बातम्या ऐकवत नव्हत्या, तेव्हा लोक मला विचारायचे, वडिलांना कशाला पाठवलंस रे? इथेच ठेवायचं होतंस. मलिंगार गावात आमचे एक मित्र आहेत, त्यांनी तर फोनवर चांगलं फैलावर घेतलं. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी बाबांना फोन करायचो. तिकडे दुपार असायची आणि मागे कुकरची शिट्टी वाजायची. ते म्हणायचे, घरातच आहे, वरण लावलं आहे, फोन ठेव, करपून जाईल. त्या दिवसांत मी फार भ्यायलो, हे कबूल करायला हवं. आता त्यांच्या लशीच्या दोन्ही सुया झाल्या आहेत आणि ते सुखरूप आहेत. पण त्या वाईट दिवसांतसुद्धा, का पाठवलंस या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. फक्त ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ते उत्तर मला मिळालं तेव्हा गेल्या वर्षीचा सप्टेंबर लागला होता. कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकल्या होत्या, उन्हाला पहिला गारवा आला होता. त्या वर्षीची शेवटची बादली भरायची होती. मी टेबल मांडलं, हिरवं यंत्र आणून ठेवलं. बाबा शेडकडे गेले आणि फडक्यात गुंडाळलेलं लाल यंत्र घेऊन आले. टेबलावर ठेवलं. दोन्ही हात स्वेटरच्या खिशाबाहेर होते.

माझ्या तोंडातून निघणारच होतं काही तरी. वैदेहीने माझ्याकडे पाहिलं आणि मी झाकणांचं वाडगं पुढे ओढून बसलो. त्या दिवशी झाकणं द्यायचं काम माझं होतं.

बाबांनी झाकण चुंबकाला लावलं, यंत्र बाटलीवर टेकवलं. उजवा हात दांडीवर गेला. डावा हात दांडीवर जायला वेळ लागला, बोटं एकेक करून वळली, अंगठा शेवटी. मग त्यांनी हनुवटी छातीला लावली, कोपरं बाहेर काढली आणि दाबलं. डावी दांडी थरथरत खाली आली, उजवी तिच्यासाठी थांबली. पहिलं झाकण निसटलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं, दुसऱ्यासाठी माझ्यापुढे हात केला. दुसरं बसलं. ते म्हणाले, "पाह्य." मी बाटली उलटी धरली. थेंबसुद्धा आला नाही. मी म्हणालो, "घट्ट आहे." मग त्यांनी पुढची घेतली, त्याच्या पुढची घेतली. कपाळावर घाम आला, शर्टाच्या बाहीला पुसला. मधे दोनदा थांबले, मी नजर दुसरीकडे ठेवली. डेक्लन भिंतीपलीकडे टोमॅटोंना पाणी घालत असल्यासारखं करत होता, पण झारी केव्हाच रिकामी झाली होती. अर्धी बादली झाल्यावर बाबांनी यंत्र खाली ठेवलं.

"झालं. आता तिकीट पाह्य माझं."

"कसलं?"

"नागपूरचं. दुसरं कायचं?"

मी सगळं सांगितलं. तिथली साथ, एकटं राहणं, जिना, रात्री काही झालं तर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डावा तळहात उघडून बघत होते, दांडीचा लाल वळ उठला होता.

"तू चांगल्यासाठीच करतो, मले समजते," ते म्हणाले. "पण तुझ्या घरात मले या हाताची गरजच पडत नाही. तिकडं पडते."

मला आनंद झाला होता, फार मोठा, आणि त्याच वेळी ते जाणारही होते. मी टेबल पुसलं, हात धुतले, लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसलो. दिवाळीच्या आधीची विमानं मोजकीच होती. पान उघडलं आणि मी म्हणालो, "जाण्यायेण्याचं एकदमच काढू का बाबा? फेब्रुवारीत परत या."

"एकाच बाजूचं काढ," बाबा म्हणाले. "यायचं असलं की तिकडून माझं मी काढीन."

मी एकाच बाजूचं काढलं.